पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली, मे, माइट: आधी टक्के ठरवा, मग शब्द

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात आयटीत आहात, क्लायंट इंग्लंडचा, मेलमध्ये तुम्ही लिहिलंत "देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट वी विल डिलिव्हर बाय फ्रायडे", क्लायंटचा लगेच फोन आला की काय प्रॉब्लेम झालाय, आणि मॅनेजर म्हणाला अरे 'पॉसिबिलिटी' काय लिहितोस, 'लाइकली' लिही. डिक्शनरीत बघितलं तर पॉसिबल, प्रॉबेबल, लाइकली सगळ्यांपुढे शक्य, संभाव्य, संभवनीय असंच काहीतरी, मग फरक कुठे आहे आणि मे, माइट, कुड कुठे बसवायचे.

मॅनेजर बरोबर आहे आणि क्लायंटसुद्धा बरोबर आहे. मी वर्षानुवर्षं मराठी माणसांनी लिहिलेले इंग्रजी रिपोर्ट तपासायचं काम करते, त्यात ऑडिटवाले असतात, इंजिनीअर असतात, औषध कंपन्यांतले लोक असतात, आणि स्पेलिंग किंवा 'द' कुठे लावायचं यापेक्षा जास्त घोळ मला या शब्दांचा दिसतो, कारण यात वाक्य व्याकरणाने एकदम नीट असतं आणि तरी वाचणारा भलतंच समजून बसतो. स्पेलचेक काही सांगत नाही, कुणी हसत नाही, फक्त समोरचा चुकीचा निर्णय घेऊन मोकळा होतो.

मूळ कारण आपल्या 'शक्यता' या शब्दात आहे. मराठीत तो दोन कामं एकटा करतो: एखादी गोष्ट घडू शकते का, हेही त्यानेच सांगायचं आणि घडायचं किती प्रमाण आहे, हेही त्यानेच. प्रमाण आपण पुढेमागे शब्द लावून ठरवतो. दाट शक्यता, शक्यता कमीच, शक्यता नाकारता येत नाही. नुसतं "शुक्रवारी देण्याची शक्यता आहे" म्हटलं तरी मराठी कानाला ते बऱ्यापैकी आशेचं वाक्य वाटतं, होईल बहुतेक, असं. इंग्रजीत ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांकडे आहेत. 'पॉसिबल' फक्त एवढंच सांगतो की दार बंद नाही. किती उघडं आहे ते तो सांगतच नाही, एक टक्का असेल तरी पॉसिबल आणि नव्वद टक्के असेल तरी पॉसिबल. 'प्रॉबेबल' आणि 'लाइकली' मात्र प्रमाण सांगतात, आणि रोजच्या वापरात त्यांचा अर्थ अर्ध्याच्या वर, न होण्यापेक्षा होण्याकडे जास्त झुकलेलं, असा धरला जातो.

आता गंमत बघा, 'पॉसिबल'चा शब्दकोशातला अर्थ असा तटस्थ असला तरी वाचणारा तो तटस्थपणे घेत नाही. तो विचार करतो की याला 'लाइकली' म्हणता आलं असतं, म्हटलं नाही, म्हणजे तेवढी खात्री नाही. आपल्याकडे कुणी पोराचा रिझल्ट विचारल्यावर बाप नुसतं "पास होऊ शकतो" म्हणाला की ऐकणाऱ्याला काय कळायचं ते कळतंच ना, तसंच. त्यामुळे एकट्या 'पॉसिबल'चं वजन वाचणाऱ्याच्या डोक्यात पन्नासच्या खाली जातं, कधीकधी खूपच खाली. तुमच्या क्लायंटला "शुक्रवारी मिळालं तर नशीब" असं ऐकू गेलं, फोन येणारच.

'पॉसिबल'ला जोडशब्द लावले की तो वरखाली होतो, हे मात्र कामाचं आहे. 'क्वाइट पॉसिबल', 'डिस्टिंक्ट पॉसिबिलिटी', 'रिअल पॉसिबिलिटी' म्हणजे हलक्यात घेऊ नका. 'जस्ट पॉसिबल' आणि 'रिमोट पॉसिबिलिटी' म्हणजे झालंच तर. 'वी कान्ट रूल आउट' हे शब्दशः आपल्या "नाकारता येत नाही"सारखं, पोलिस आणि पत्रकार दोघांचं लाडकं, ज्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि लिहिणारा सुटतो.

आता 'प्रॉबेबल' आणि 'लाइकली' यांच्यात फरक काय. अर्थाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच, लोक उगाच टक्क्यांचे बारीक फरक शिकवतात. खरा फरक वाक्यात बसण्याचा आहे, आणि तिथेच आपली माणसं अडखळतात. 'लाइकली' माणसाला किंवा वस्तूला थेट लावता येतो: "द ट्रेन इज लाइकली टू बी लेट", "ही इज लाइकली टू रिझाइन". 'प्रॉबेबल' तसा लावता येत नाही, "ही इज प्रॉबेबल टू कम" हे चूक आहे, आणि "ही इज पॉसिबल टू कम" तर साफच चूक. 'प्रॉबेबल'ला "इट इज प्रॉबेबल दॅट" असं लांबून आणावं लागतं आणि ते कोर्टाच्या निकालासारखं वाटतं. बोलताना आणि मेलमध्ये इंग्रज माणूस 'प्रॉबेबली' वापरतो, "ही विल प्रॉबेबली कम", झालं. म्हणजे रोजच्या कामाला दोनच साचे पुरतात, 'इज लाइकली टू' आणि 'विल प्रॉबेबली'. 'प्रॉबेबल' हे विशेषण नामाच्या आधी ठेवा, 'प्रॉबेबल कॉज', 'प्रॉबेबल डेट', तिथे ते शोभतं. आपल्याकडे क्रिकेटमुळे 'प्रॉबेबल्स' हा शब्द घराघरात पोचला, तीस प्रॉबेबल्स जाहीर वगैरे, पण लक्षात घ्या त्या तीसातले निम्मे टीमबाहेरच राहायचे, तिथे प्रॉबेबल म्हणजे फक्त विचारात घेतलेले.

अजून एक बारीक गोष्ट. "वी विल लाइकली डिलिव्हर ऑन फ्रायडे" असं अमेरिकन लोक सर्रास लिहितात, ब्रिटिश जुन्या वळणाच्या वाचकाला ते खटकतं, त्याला 'लाइकली'च्या आधी 'मोस्ट' किंवा 'व्हेरी' लागतं, नाहीतर तो 'प्रॉबेबली' म्हणेल. तुमचा क्लायंट इंग्लंडचा आहे तर "वी आर लाइकली टू डिलिव्हर" किंवा "वी विल प्रॉबेबली डिलिव्हर" लिहा, दोन्हीकडे चालतं, वादच नको. नकारात 'प्रॉबेबली' आधी येतो, "ही प्रॉबेबली वोन्ट कम", "ही वोन्ट प्रॉबेबली कम" नाही. आणि ते 'मोस्ट प्रॉबेबली' जरा आवरा, आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या वाक्यात असतं. चूक नाहीये, पण ज्याला नव्वद टक्के म्हणायचंय तोही तेच म्हणतो आणि ज्याला साठ म्हणायचंय तोही तेच, मग त्या 'मोस्ट'ला अर्थ काय राहिला.

'चान्स'चं वेगळंच. "देअर आर चान्सेस ऑफ रेन", "देअर आर हाय चान्सेस" हे आपलं देशी इंग्रजी, सगळ्यांना कळतं, पण तिकडचा माणूस एकवचनात म्हणेल, "देअर इज अ चान्स ऑफ रेन", "देअर इज अ गुड चान्स". अनेकवचन तो 'चान्सेस आर' या ठरलेल्या वाक्प्रचारात वापरतो, "चान्सेस आर ही हॅज फर्गॉटन", म्हणजे विसरला असणार, किंवा मालकी लावून, "अवर चान्सेस आर गुड". त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे काय येतं ते: 'चान्स टू' म्हणजे संधी आणि 'चान्स ऑफ' म्हणजे शक्यता. "आय हॅव अ चान्स टू गो टू जर्मनी" म्हणजे मला जर्मनीला जायची संधी मिळालीय, तिकीट काढायचं की नाही एवढंच बाकी. "देअर इज अ चान्स ऑफ माय गोइंग" म्हणजे अजून काही खरं नाही. एचआरला चुकीचं वाक्य गेलं तर तुमचं नाव काढूनही टाकतील किंवा घालूनही ठेवतील. आणि 'पॉसिबिलिटी'च्या पुढे 'टू' कधीच नको, 'पॉसिबिलिटी ऑफ' म्हणा. 'पॉसिबल'च्या पुढे 'टू' चालतो पण अर्थ बदलतो: "इट इज पॉसिबल टू फिनिश बाय फ्रायडे" म्हणजे करता येण्यासारखं आहे, "इट इज पॉसिबल दॅट वी विल फिनिश" म्हणजे होईलही कदाचित. पहिलं कुवतीबद्दल, दुसरं अंदाजाबद्दल. 'फीजिबल'सुद्धा पहिल्या गटातला, प्लॅन फीजिबल आहे म्हणजे करता येईल, होईलच असं त्यात काही नाही.

आता मे, माइट, कुड, कॅन. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मराठी माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती 'शकतो'मुळे होते. "उद्या पाऊस येऊ शकतो" याचं आपण "इट कॅन रेन टुमॉरो" करतो. शकतो म्हणजे 'कॅन', शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण एखाद्या ठराविक वेळच्या ठराविक घटनेचा अंदाज सांगायला इंग्रजीत 'कॅन' येत नाही, तिथे मे, माइट किंवा कुड लागतं, "इट माइट रेन टुमॉरो". 'कॅन' हा स्वभाव सांगतो, एरवी काय काय घडू शकतं ते सांगतो. "नागपूर कॅन रीच फोर्टीफाइव्ह डिग्रीज इन मे" एकदम बरोबर, कारण तो नागपूरच्या उन्हाळ्याचा स्वभाव आहे. "नागपूर कॅन रीच फोर्टीफाइव्ह टुमॉरो" कानाला बोचतं. तुमच्या रिपोर्टमध्ये "द सर्व्हर कॅन फेल धिस वीकेंड" असलं काही असेल तर आधी ते बदला.

नकारात मात्र 'कॅन' परत येतो आणि तो एकदम कडक असतो. "दॅट कान्ट बी ट्रू" म्हणजे ते खरं असूच शकत नाही. "दॅट मे नॉट बी ट्रू" म्हणजे कदाचित खरं नसेल. मराठीत "खरं असू शकत नाही" आणि "खरं नसूही शकतं" यात जेवढं अंतर आहे तेवढंच यात आहे, त्यामुळे मनात मराठी वाक्य नीट म्हणून बघितलं तर ही चूक होत नाही.

मे आणि माइटमध्ये शाळेत टक्के शिकवतात, मे पन्नास, माइट तीस, असं काहीतरी. आजच्या इंग्रजीत तेवढा फरक कुणी पाळत नाही. माइट जरा जास्त भिडस्त आहे एवढंच, बोलण्यात तोच जास्त येतो. फरक पडतो तो दुसऱ्या दोन ठिकाणी. एक म्हणजे मे परवानगीसाठीही वापरतात, म्हणून "एम्प्लॉयीज मे नॉट वर्क फ्रॉम होम ऑन फ्रायडेज" याचा अर्थ परवानगी नाही असाही होतो आणि कदाचित करणार नाहीत असाही होतो. करारात तर 'मे' म्हणजे अधिकार, "द क्लायंट मे टर्मिनेट" हे भाकीत नाही, त्याला तसं करायची मुभा आहे. जिथे घोळ व्हायला जागा आहे तिथे अंदाज सांगायला माइट घ्या. दुसरं ठिकाण भूतकाळ. "ही मे हॅव डाइड" म्हणजे गेला असेलही, अजून कळलेलं नाही. "ही माइट हॅव डाइड" याचा तोही अर्थ होतो, पण अपघातातून वाचलेल्या माणसाबद्दलही तेच म्हणतात, मेला असता, थोडक्यात बचावला. वाचलेल्याला जुने संपादक 'मे हॅव' लावू देत नाहीत आणि मीही देत नाही.

आणि 'असेल'. हा खास आपला सापळा. मराठीत भविष्यकाळ लावून आपण आत्ताचा अंदाज सांगतो, "तो घरी असेल", "मेल गेला असेल", "पैसे जमा झाले असतील". शब्दाला शब्द लावला की "ही विल बी ॲट होम", "द मेल विल हॅव गॉन" होतं आणि ते खूप खात्रीचं वाटतं, जणू तुम्ही बघून आलात. बरं, दुसरी सवय म्हणजे सगळ्या 'असेल'ला 'मस्ट' लावायचा, "द पेमेंट मस्ट हॅव बीन क्रेडिटेड". 'मस्ट' म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष, असणारच, दुसरं काही असूच शकत नाही. तुमच्याकडे बँकेचा एसएमएस असेल तर मस्ट. नुसता तीन दिवसांपूर्वी चेक टाकला एवढाच आधार असेल तर "हॅज प्रॉबेबली बीन क्रेडिटेड". अकाउंट्सच्या लोकांनी एवढं एक जरी सुधारलं तरी निम्म्या मेल कमी होतील.

'शुड'ही उपयोगी आहे, "द पार्सल शुड रीच बाय फाइव्ह", सगळं नीट चाललं तर पोचायला हवं. पण तो फक्त हव्याशा गोष्टींना लागतो. "द सर्व्हर शुड क्रॅश बाय फाइव्ह" म्हटलं तर ऐकणारा विचारेल की तुम्हीच पाडताय की काय. वाईट गोष्टींना 'लाइकली' चालतो, 'लायबल टू' चालतो, "धिस पाइप इज लायबल टू लीक". 'बाउंड टू' म्हणजे होणारच, टळणार नाही. 'सपोज्ड टू'पासून जपून रहा, "ही इज सपोज्ड टू कम" यात यायचं ठरलंय हे आहे पण येईल का याबद्दल बोलणाऱ्याच्या आवाजात शंका आहे.

आता टक्क्यांकडे येते, कारण शब्द कितीही नीट निवडला तरी दोन माणसं त्याचा एकच अर्थ घेतील याची गॅरंटी नाही, आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचं आहे. 1951 मध्ये त्यांनी एक अहवाल काढला, सोव्हिएत गटातले देश त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का यावर. त्यात लिहिलं की हल्ला ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानावी. शर्मन केंट नावाचे गृहस्थ तिथे होते, आधी येल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यांना सहज विचारलं की सीरियस पॉसिबिलिटी म्हणजे तुम्हाला किती म्हणायचंय? केंट म्हणाले 65 विरुद्ध 35, हल्ला होण्याच्या बाजूने. तो माणूस चाट पडला, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते खूपच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच मंडळातल्या लोकांना विचारलं, ज्या लोकांनी एकत्र बसून, शब्दावर शब्द घासून ते वाक्य मंजूर केलं होतं त्यांना. तर कुणाच्या डोक्यात 20 विरुद्ध 80 होतं आणि कुणाच्या 80 विरुद्ध 20. म्हणजे एकाच वाक्यावर सह्या करणाऱ्यांना वेगवेगळ्या गोष्टी म्हणायच्या होत्या आणि कुणाला पत्ताच नाही.

केंटनी पुढे 1964 मध्ये यावर लेख लिहिला आणि शब्दांना आकडे जोडून दिले: 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे 93 टक्के, सहा इकडेतिकडे, 'प्रॉबेबल' म्हणजे 75, बारा इकडेतिकडे, 'चान्सेस अबाउट ईव्हन' म्हणजे 50 च्या आसपास, 'प्रॉबेबली नॉट' म्हणजे 30 आणि 'ऑलमोस्ट सर्टनली नॉट' म्हणजे 7. मधल्या काळात, 1961 मध्ये, क्यूबातलं कॅस्ट्रोंचं सरकार उलथवायच्या बे ऑफ पिग्जच्या मोहिमेबद्दल लष्करी वरिष्ठांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींना कळवलं होतं की यशाचा 'फेअर चान्स' आहे. लिहिणाऱ्याच्या मनात 30 विरुद्ध 70 होतं, म्हणजे अपयशाच्याच बाजूने. पण 'फेअर' वाचून बऱ्यापैकी असंच वाटणार. मोहीम साफ आपटली. त्याला कारणं बरीच होती, सगळं खापर एका शब्दावर फोडता येणार नाही, पण 30 असा आकडा कागदावर असता तर निदान वाचणाऱ्याला कळलं असतं की आपण कशावर सही करतोय.

केंटच्या आकड्यांवर त्यांच्याच ऑफिसात भांडणं झाली, त्यांनी गमतीने दोन तट सांगितले होते, एक गणिती आणि एक कवी. माझ्या अनुभवात आपल्या ऑफिसात कवी फार. ऑडिट रिपोर्टमध्ये 'मे पॉसिबली बी लाइकली' असं लिहिणारा कवीच म्हणायचा, दुसरं काय.

हवामानातलं उदाहरण तर घरचंच आहे. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं आंतरराष्ट्रीय मंडळ, यांनी 'लाइकली'ची व्याख्या करून ठेवलीय, 66 ते 100 टक्के. 'व्हेरी लाइकली' 90 च्या वर, 'एक्स्ट्रीमली लाइकली' 95 च्या वर, 'व्हर्च्युअली सर्टन' 99 च्या वर. माणसामुळे तापमान वाढतंय का यावर त्यांची भाषा 2001 च्या अहवालात 'लाइकली' होती, 2007 मध्ये 'व्हेरी लाइकली', 2013 मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली', आणि 2021 मध्ये सरळ 'अनइक्विव्होकल', निःसंशय. वीस वर्षांचं विज्ञान त्या एका विशेषणाच्या बदलात वाचता येतं, शब्दाला आकडा बांधलेला असला की एवढं काम होतं. आता आपल्या भारतीय हवामान खात्याचं इंग्रजी बुलेटिन उघडा आणि तळाचा तक्ता बघा. तिथे 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' 50 ते 75, 'मोस्ट लाइकली' 75 च्या वर. म्हणजे आयपीसीसीच्या कागदावरचा 'लाइकली' दोन तृतीयांशच्या वर आणि आपल्या खात्याचा 'लाइकली' अर्ध्याच्या खाली! दोघांचंही चूक नाही, दोघांनी व्याख्या छापलीय. चूक आपली, आपण तळाचा तक्ता वाचत नाही आणि मग "वेधशाळेने पाऊस सांगितला की तो पडत नाही" हा पन्नास वर्षं चाललेला जोक परत मारतो. वर त्या बुलेटिनमध्ये 'ॲट आयसोलेटेड प्लेसेस' असतं, मराठी बातमीत "तुरळक ठिकाणी", त्याचा अर्थ 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ते माप वेगळं, किती जागी पडेल याचं. "तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता" या एका वाक्यात दोन वेगळी मापं आहेत आणि कोथरूडमध्ये ऊन पडलं म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

तुमच्यापैकी जे अकाउंट्समध्ये आहेत त्यांच्यासाठी, तुम्हाला तर शब्द निवडायचं स्वातंत्र्यच नाही. इंड एएस 37 या भारतीय लेखा मानकात 'प्रॉबेबल' म्हणजे 'मोअर लाइकली दॅन नॉट', पन्नासच्या वर गेलं की प्रॉबेबल, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल तर प्रोव्हिजन, म्हणजे खर्चाची तरतूद, करावी लागते. नुसतं 'पॉसिबल' असेल तर हिशेबाच्या नोट्समध्ये कंटिन्जंट लायबिलिटी, म्हणजे संभाव्य देणं, म्हणून दाखवायचं, 'रिमोट' असेल तर तेही नाही. अमेरिकन नियमांत 'प्रॉबेबल'ची व्याख्या 'लाइकली टू ऑकर' अशी आहे आणि व्यवहारात तिथले ऑडिटर त्याचा अर्थ पन्नासपेक्षा बराच वरचा घेतात. म्हणजे कोर्टात चाललेली एखादी केस हरण्याचा अंदाज वकिलाने साठ टक्के दिला तर आपल्या पुस्तकात खर्च पडेल आणि अमेरिकन पालक कंपनीच्या पुस्तकात कदाचित नुसता नोट्समध्ये उल्लेख राहील, शब्द दोन्हीकडे प्रॉबेबलच. म्हणून वकिलाला पत्र लिहिताना "इज इट प्रॉबेबल" असं विचारू नका, त्याच्या मनातला प्रॉबेबल कुठल्या मापाचा आहे ते तुम्हाला कळणार नाही. सरळ टक्केवारीचा अंदाज मागा, कुरकुर करेल पण देईल.

औषधांच्या कागदावरही असंच आहे, युरोपातल्या माहितीपत्रकात 'कॉमन' साइड इफेक्ट म्हणजे शंभरातल्या एकापासून दहातल्या एकापर्यंत, 'रेअर' म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. पेशंट 'कॉमन' वाचून समजतो की सगळ्यांनाच होतं आणि गोळी बंद करतो. तिथे नाव वाचण्याआधी आकडा वाचावा.

आता हे रोज कसं वापरायचं. मी ज्यांना शिकवते त्यांना सांगते की शब्द लिहायच्या आधी मनात एक आकडा म्हणा, ढोबळ का होईना. समजा तुमचं उत्तर आलं ऐंशी, तर 'व्हेरी लाइकली टू'. साठ आलं तर 'लाइकली टू' किंवा 'विल प्रॉबेबली', आणि जोडीला कशावर अवलंबून आहे ते, "इफ टेस्टिंग फिनिशेस बाय वेन्सडे". चाळीस आलं तर 'माइट', आणि ते लपवू नका, क्लायंटला चाळीस आधी कळलेलं आवडतं, शुक्रवारी संध्याकाळी कळलेलं आवडत नाही. दहा आलं तर 'अनलाइकली'. 'नॉट इम्पॉसिबल' लिहून वेळ मारून नेऊ नका. आणि पैसे, जीव किंवा तारीख अडकलेली असेल तर शब्दाच्या शेजारी आकडाच लिहून टाका, "लाइकली, अबाउट सेव्हन्टी पर्सेंट". आपल्या लोकांना आकडा लिहायची भीती वाटते, उद्या धरतील म्हणून. उलट सत्तर लिहिलं आणि झालं नाही तर तुम्ही तीस टक्के आधीच सांगून ठेवलेलं असतं. 'शुअरली' लिहून झालं नाही तर मात्र खरंच धरतील, आणि 'शुअरली' म्हणजे 'नक्की' नव्हेच मुळी. इंग्रजीत 'शुअरली' म्हणजे "असं असायला हवं ना?" असा समोरच्याची होकारार्थी मान शोधणारा शब्द आहे. "आय विल शुअरली सेंड" ऐवजी "आय विल डेफिनेटली सेंड", किंवा नुसतं "आय विल सेंड", ते पुरतं.

'मेबी' एकत्र लिहिला की कदाचित, 'मे' आणि 'बी' तोडून लिहिले की क्रियापद, "ही मे बी लेट". 'परहॅप्स' तोच अर्थ, जरा इस्त्री केलेला. यावर जास्त वेळ घालवू नका.

शेवटचा शब्द 'डाउट', तुम्ही विचारलेला नाही पण शंकेच्या बाजूचा सगळ्यात धोकादायक हाच आहे. मराठीत "मला डाउट आहे की व्हेंडरने चुकीचं बिल पाठवलंय" म्हणजे चुकीचं पाठवलं असावं असा संशय आहे. ते तसंच उचलून "आय डाउट दॅट द व्हेंडर हॅज सेंट अ राँग इन्व्हॉइस" लिहिलं की अर्थ बरोबर उलटा होतो, चुकीचं पाठवलं असेल असं मला वाटत नाही. लंडनचा माणूस ते वाचून निवांत पेमेंट सोडून देईल. तिथे 'आय सस्पेक्ट' लिहायचं. 'डाउट' न होण्याच्या बाजूचा आणि 'सस्पेक्ट' होण्याच्या बाजूचा, एवढं टेबलावर चिकटवून ठेवलंत तरी चालेल.